कोणाची गांठ कोणाशीं?

पत्त्यांचा डाव मांडणें सोपें. चार माणसें जमलीं आणि एक जोड हातीं आला, म्हणजे झालें. कठीण असतें तें कोणीं कोणासमोर बसावें हें ठरविणें. आमच्या वाड्यांत मे महिन्याच्या सुटींत मेंढीकोट चाले, तेव्हां हा निवाडा आजीकडे असे. ती स्वतः एकहि पान हातीं धरीत नसे. पण सुपारी कातरतां कातरतां "तूं इकडे, तूं तिकडे" असें म्हणून जोड्या लावी, आणि काल जे दोघे भिडू म्हणून जिंकले असतील त्यांना आज हटकून समोरासमोर न बसवितां शेजारीं, म्हणजे एकमेकांचे वैरी म्हणून बसवी. त्यावर रडारड होई, ती तिच्या कानांपर्यंत पोंचत नसे.

तोच निवाडा आतां साठ वर्षांनीं आमच्याकरितां एक यंत्र करीत आहे. मला ब्रिज शिकविला तो माझ्या वडील बंधूंनीं. ते कचेरींतून शिकून आले आणि घरीं भिडू हवा म्हणून त्यांनीं मला धरलें. पुढें तीस वर्षें आमची जोडी पेठेंतील एका मंडळांत आठवड्यांतून दोनदां खेळत असे. २०१८ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनीं पुरुषांच्या जोडीचें सुवर्णपदक मिळविलें. बर्धन तेव्हां साठ वर्षांचे होते. हें वाचून दादांनीं मंडळांत पेढे वांटले होते. जणूं पुढचा क्रमांक आमचाच! २०२० च्या मार्चांत टाळेबंदी आली, मंडळाला कुलूप लागलें, आणि पुतण्यानें दोघांच्या हातीं एकेक पाटीसारखें यंत्र देऊन आम्हांला इंटरनेटवरील स्पर्धांत नेऊन बसविलें. दादा खालीं माजघरांत, मी माडीवर.

स्पर्धेच्या ब्रिजमध्यें जीं पानें एका टेबलावर वांटलीं जातात तींच सर्व टेबलांवर खेळावयाचीं असतात; म्हणजे वाईट हात आला ही तक्रार चालत नाहीं, कारण त्याच हातावर दुसऱ्यानें काय केलें तें दिसतें. मंडळांत मिचेल पद्धत असे. अर्ध्या जोड्या बैठ्या, अर्ध्या चालत्या. चालत्या जोडीनें एक टेबल पुढें सरकावें, पानांच्या पेट्या एक टेबल मागें जाव्या. यांत बैठ्यांची बैठ्यांशीं गांठ कधींच पडत नाहीं, म्हणून बक्षिसेंहि दोन लागतात. इंटरनेटवर आम्हांला जी पद्धत विशेष भेटली ती स्विस. १८९५ सालीं झुरिच येथील बुद्धिबळाच्या स्पर्धेंत ती प्रथम वापरली गेली. तिचे जनक म्हणून ज्यूलिअस म्यूलर यांचें नांव घेतात.

तिची युक्ति अशी. समजा, सोळा जोड्या आहेत. हरला तो बाद, असा नियम केला तर पहिल्याच फेरीनंतर आठ जोड्या घरीं जातात. उलट प्रत्येकाची प्रत्येकाशीं गांठ घालूं म्हटलें तर १२० सामने आणि पंधरा फेऱ्या होतात; तेवढी सवड कोणाला? स्विस पद्धतींत घरीं कोणीच जात नाहीं. पहिल्या फेरीच्या गांठी चिठ्ठ्या टाकून वा पूर्वीच्या कीर्तीवरून पडतात. मग प्रत्येक फेरीनंतर गुणांची यादी होते आणि समान गुणांच्या जोड्या एकमेकांपुढें येतात. जिंकणारा जिंकणाऱ्याशीं, हरणारा हरणाऱ्याशीं. एकदां पडलेली गांठ पुन्हां पडावयाची नाहीं. संख्या विषम असली तर तळाच्या एका जोडीला त्या फेरीपुरती विश्रांति, आणि तीहि एकीला दुसऱ्यांदा नाहीं. माणसाला यास कागद, पेन्सिल आणि अर्धी घटका लागते. यंत्र हें पापणी लवतांना करतें.

मीं छत्तीस वर्षें वर्गांत मुलें बसविलीं. हुशार पुढें, मंद मागें. जून महिन्यांत मागें बसविलेला मुलगा एप्रिलांत तेथेंच सांपडे, आणि त्याला मी त्याचाच दोष समजत असें. दर चांचणीनंतर बांक बदलावा हें मला कोणीं सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर ऐकलें असतें कीं नाहीं, कोण जाणे.

पहिल्या टेबलावर अग्रेसर जोड्या, त्याखालीं उतरता क्रम. दोन वर्षें आम्ही तिसऱ्या-चौथ्या टेबलाच्या आसपास असूं. २०२३ पासून पांचवें, सहावें, मग आठवें. दादांचें स्मरण ढासळत असल्याचें डॉक्टरांनीं पुढें सांगितलें. टेबलाच्या आंकड्यानें तें मला आधींच कळविलें होतें, फक्त मीं तें वाचलें नव्हतें. एका चांगल्या खेळाडूचा "माझ्याबरोबर खेळाल काय?" असा निरोप आला. मीं उत्तर दिलें नाहीं, पण निरोप पुसूनहि टाकला नाहीं.

अशांत एका तिसऱ्या फेरीचा शेवटचा डाव. हुकूम बदामाचा, दादांची बोली दहा हातांची, नऊ झालेले. इस्पिकचा एक्का व राजा ते खेळून चुकले होते, हातांत गुलाम होता. खालून हांक आली, "अरे, इस्पिकची राणी गेली का?" प्रतिपक्षाचे दोघे दूरच्या गांवीं, त्यांना ऐकूं जाण्याचा संभव नव्हता. मी म्हणालों, "गेली." गुलामावर दहावा हात आला, सामना आम्ही थोडक्यांत जिंकलों आणि तिसऱ्या टेबलावर चढलों.

रात्रीं झोंप येईना. सभापर्वांत दुर्योधनाकरितां शकुनि फांसे टाकणार हें ऐकून, एकानें दुसऱ्याच्या वतीनें खेळणें विषम आहे, असें युधिष्ठिर म्हणतो, आणि तरी बसतो. मीं हा प्रसंग वर्गांत कित्येकदां शिकविला आहे. येथें विषमता एका सामन्यापुरतीहि नव्हती. आम्हीं हरविलेली जोडी खालीं गेली. तिचा प्रतिपक्षी आम्हांला मिळाला आणि आमचा तिला. त्या चौघी जोड्यांच्या चौथ्या फेरीच्या गांठी माझ्या एका शब्दानें बदलल्या होत्या. बरें, ज्यांच्याशीं बदलल्या ते कोणी आमचे शत्रु नव्हते.

सकाळीं मीं संचालकांना सर्व लिहून कळविलें. त्यांनीं सभ्यपणें उत्तर दिलें: त्या डावाचे गुण फिरविले, चौथी फेरी मात्र पुन्हां खेळवितां येत नाहीं. मग दादांना सांगावें लागलें. ते रागावले, पण माझ्या लिहिण्यावर नव्हे.

"मीं विचारलें तरी तूं बोललास कशाला? भिडूनें गप्प बसायचें असतें, हें मींच शिकवलें ना तुला?"

थोड्या वेळानें म्हणाले, "तूं आतां दुसरा भिडू पाहा. मी तुला खालीं ओढतों."

वहिनी दारांत उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मी म्हणालों, "दादा, खालीं बसलेल्यांनाहि कोणीतरी प्रतिपक्षी लागतोच." माडीवर जाऊन मीं तो जुना निरोप काढला आणि "माझी जोडी ठरलेली आहे" एवढें उत्तर धाडलें.

तेव्हांपासून खेळाच्या वेळीं माडीचें दार मी लावून घेतों. खालून हांक आली तरी डाव संपेपर्यंत उत्तर देत नाहीं. पूर्वीं ती येत असे, आतां क्वचित् येते. तळच्या टेबलांवर एक मायलेकींची जोडी आम्हांला वारंवार भेटते. मुलगी आईला दर डावानंतर धीर देते, तो मजकूर आम्हांलाहि दिसतो.

परवां सोमवारीं दुसऱ्या फेरीनंतर यादी लागली. मी दार उघडून जिन्यांत उभा राहिलों.

"शेवटचें टेबल का रे?" दादांनीं विचारलें.

"शेवटून दुसरें."

"अस्सं? मग तुझ्या वहिनीला म्हणावें, चहा आतांच टाक. हा सामना लांबणार."