आजोळची गाडी

माझं आजोळ माथेरान. नेरळला उतरून दोन फुटी रुळांवरच्या त्या बुटक्या डब्यात शिरलं की सुट्टी सुरू व्हायची. परतताना उतार लागला की ब्रेकमन हातब्रेकचं चाक आवळायचा. त्याच्या मनगटावरच्या ताणलेल्या शिरा मला अजून दिसतात. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी १९०७ साली पुरी केलेली ही वाट मुंबईकरांना हौसेची. आजीला मात्र ती दवाखान्याची, लग्नकार्याची, बाजाराची. वर मोटारींना बंदी, मग तिनं दुसऱ्या कशानं यावं?

पुढे नोकरीनं स्वित्झर्लंड दाखवलं आणि मी सेंट मॉरिट्झहून बेर्निना गाडीत बसलो. रूळ मीटरभर रुंदीचे, वर विजेची तार. दातेरी रुळाचा आधार नाही. निव्वळ चाकांच्या पकडीवर ती हजार मीटरला सत्तर मीटर असा चढ चढते, २,२५३ मीटर उंचीवर खिंड ओलांडते आणि इटलीतल्या तिरानोला उतरते. लाल डब्यांमागे ओंडक्यांच्या वाघिणीही जोडलेल्या होत्या. पाहूनच जीव सुखावला. ही कामाची गाडी होती!

पोस्कियाव्होला एक शाळकरी मुलगी चढली, समोर बसली आणि मांडीवर वही घेऊन गणितं सोडवू लागली. ब्रुसिओच्या खाली गाडीनं दगडी कमानींवरून पुरता वेढा घेतला आणि स्वतःच्याच पुलाखालून निघाली. डब्यातले सगळे कॅमेरे घेऊन खिडकीशी धावले. मुलीनं मान वर केली नाही. काम्पोकोलोन्योला वही मिटून उतरली. तिला पाहताना मला आजी आठवली.

बेर्निनाची वाट १९१० साली पुरी झाली, पण सुरुवातीला हिवाळ्यात खिंडीतली वाहतूक बंद असे. मग तिथल्या लोकांनी बर्फाशी झुंज घेतली. आज गाडी बारा महिने धावते.

आमच्या घाटातले रूळ २६ जुलै २००५च्या पावसानं वाहून गेले, गाडी २००७ला परतली. २०१९ला पुन्हा तेच. नेरळपासूनची गाडी सुरू व्हायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला. एरवीही पावसाळ्यात ती नेरळहून सुटत नाही, वर अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. डोंगर ठिसूळ आहे, पाऊस आडदांड आहे, हे मी जाणतो. तरी जे या गाडीचं वेळापत्रक ठरवतात, दरडी आणि नाले बांधायला पैसा देतात, त्यांना हात जोडून सांगतो: माथेरानला माणसं पावसाळ्यातही राहतात.