न उरलेली नावे

पेत्राची सासू तापाने पडली होती. येशूने हात धरून उठवले, ताप उतरला आणि ती सगळ्यांचे जेवणखाण बघू लागली. मार्कच्या शुभवर्तमानात एवढे आहे. सासू होती म्हणजे बायको होती. तिचा तिथे उल्लेख नाही.

करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल सांगतो, की पेत्र आणि इतर प्रेषित बायकोला सोबत घेऊन फिरतात. सुमारे दीडशे वर्षांनी अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने एक ऐकीव हकिकत लिहून ठेवली. बायकोला ठार मारायला नेत होते. पेत्राने तिला नावाने हाक मारली आणि प्रभूची आठवण ठेवायला सांगितले. ते नाव क्लेमेंटने लिहिलेले नाही.

रोमकरांस पत्राच्या शेवटी पौलाने बऱ्याच जणींना सलाम सांगितला आहे. त्यांत युनिया आहे, प्रेषितांमध्ये नावाजलेली. चौथ्या शतकात जॉन क्रिसोस्टोमने तिची तोंड भरून स्तुती केली. पुढे तिचा पुरुष झाला, युनियास. नव्या कराराच्या १९२७ सालच्या नेस्ले ग्रीक आवृत्तीत पुरुषच छापला गेला. १९९८ च्या छपाईत ती परत बाई झाली.

प्रिस्किल्ला आणि अक्विला तंबू करीत. नव्या करारात हे जोडपे सहादा येते, त्यात चारदा बायकोचे नाव आधी. दोघांनी विद्वान अपुल्लोसला शिकवले, त्या वचनात काही हस्तलिखितांनी नवऱ्याला पुढे घेतले.

११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने दोन ख्रिस्ती दासींचा छळ करून जबानी घेतली. मंडळीत त्यांना सेविका म्हणत. सम्राट त्राजानला त्याने हे कळवले. दोघींची नावे कळवली नाहीत.

पर्पेतुआ कार्थेजची. वय २२, लग्न झालेले, मूल अंगावर पिणारे. २०३ साली ख्रिस्ती म्हणून तुरुंगात असताना तिने स्वतः लिहिले. इतक्या जुन्या काळातले बाईच्या हातचे लिखाण फार थोडे उरले आहे. मूल भुकेने मलूल झाले होते. ते जवळ मिळाले तेव्हा तुरुंग तिला महालासारखा वाटला. नंतर तिच्या बापाने मूल परत दिले नाही. मुलाने दूध मागणे सोडले आणि तिची छातीही दुखली नाही, हेही तिने नोंदवले. नवऱ्याबद्दल एक शब्द नाही.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये एल्विराच्या धर्मसभेने बिशप, याजक आणि डीकन यांना बायकोपासून दूर राहायला फर्मावले. बायकांनी काय करायचे, हे त्या नियमात नाही.

ऑगस्टीनजवळ एक बाई सुमारे पंधरा वर्षे राहिली. मिलानमध्ये त्याचे लग्न दुसरीकडे ठरले, तेव्हा तिला आफ्रिकेला परत पाठवले. दुसऱ्या पुरुषाकडे जाणार नाही, असे व्रत घेऊन ती गेली. मुलगा बापाजवळ राहिला. मुलाचे नाव अदेओदातुस. तिचे नाव ऑगस्टीनच्या आत्मकथनात नाही.

जेरोमने रोमच्या मार्सेल्लाला लिहिलेली पत्रे जपली गेली. तिची त्याला आलेली पत्रे नाहीत. तिने काय विचारले, ते त्याच्या उत्तरांवरून ताडावे लागते.

४४१ साली ऑरेंजच्या धर्मसभेने ठरवले, की यापुढे सेविकांना दीक्षा देऊ नये.

त्याच शतकातला एक दगड दक्षिण इटलीत त्रोपेआ येथे सापडला. त्यावर लेता हे नाव आहे, ‘प्रेस्बितेरा’ या पदवीसह. वय ४० वर्षे, ८ महिने, ९ दिवस. दगड नवऱ्याने बसवला. ती स्वतः याजक होती की याजकाची बायको, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.