एफ-३

२००३ साली दिवाळी संपली आणि लगेच रमजान लागला. त्याच आठवड्यात धुळ्याहून फोन आला. अवधान एमआयडीसीतल्या आमच्या गोदामात चौदा पोती कमी भरली होती. तपासणी केली नाही म्हणून तिथल्या जुन्या कारकुनाच्या पगारातून पैसे कापायचं ठरलं होतं. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. काकांचं म्हणणं एवढंच होतं, "मी एफ-३ दाबून बाहेर आलो होतो. ट्रक आला होता. नंतर मोजणार होतो." पण पडद्यावर 'तपासले' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

तो प्रोग्राम माझा होता.

मशीन एएस/४००, हिरव्या अक्षरांचं. त्यावर एफ-३ म्हणजे सरळ बाहेर, एफ-१२ म्हणजे एक पाऊल मागे आणि एंटर म्हणजे काम पुढे. कोणती कळ दाबली हे मशीनला नेमकं कळतं. प्रत्येक कळीचा एक बाइट टर्मिनलवरून येतो. एफ-३ चा ३३, एफ-१२ चा ३सी. पण पडदा ज्या प्रोग्रामने उघडला त्याला ही खबर आपोआप पोचत नाही. आरपीजीत ०३ नंबरचा इंडिकेटर पेटतो तो पडदा चालवणाऱ्या प्रोग्रामपुरता. वरच्याला सांगायचं तर एका अक्षराचं पॅरामीटर मुद्दाम परत पाठवावं लागतं.

माझ्या सीएल प्रोग्राममध्ये कमांडचा प्रॉम्प्ट उघडत होता. तो अर्धवट सोडला की सिस्टीम सीपीएफ६८०१ हा मेसेज पाठवते. तो पकडला नाही तर ऑपरेटरपुढे सी, डी, आय, आर असे पर्याय येतात. लोक घाबरून जळगावला फोन करायचे. त्या फोनांना कंटाळून मी एक ओळ टाकली होती, मॉनमसेज सीपीएफ००००. म्हणजे कुठलीही तक्रार आली तरी गिळ आणि पुढे चल. पुढची ओळ होती 'तपासले' लिहायची.

फोनवर मी काही बोललो नाही. रात्रभर काही सुचलं नाही. सहरी करून पहिली एसटी धरली. एरंडोल, पारोळा, धुळे.

काकांनी चहा मागवला, मग स्वतःच कपाळावर हात मारला. "अरे, तुमचा रोजा ना." पोऱ्याला परत पाठवला आणि स्वतःही घेतला नाही.

सुदैवाने त्या टर्मिनलचा जॉब-लॉग उतरत असे. गिळलेला मेसेजही लॉगमध्ये राहतो. सीपीएफ६८०१ तिथे वेळेसकट होता, आणि दोन सेकंदांत माझ्या प्रोग्रामने लिहिलेलं 'तपासले'. कागद घेऊन साहेबांकडे गेलो आणि चूक माझी आहे असं सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मग पोती गेली कुठे?" ते मला माहीत नव्हतं. आजही नाही. कपात मात्र रद्द झाली.

सीपीएफ६८०१ साठी वेगळी ओळ लिहिली, आता सोडलेली तपासणी 'अपूर्ण' दिसू लागली. सरसकट गिळणारी ती ओळ काढून टाकली. जळगावचे फोन पुन्हा सुरू झाले.

त्यात काकांचाही असायचा. एफ-३ दाबलं की ते फोन लावायचे, "भाऊ, मी बाहेर आलो. दिसतंय ना तिकडे?"