पाणी आणि हिरे

महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. गेली दोन वर्षे मी त्यात ‘नोकरी’ एवढाच शब्द लिहून मोकळा झालो. शब्द खोटा नव्हता. पण पुढचा तपशील कोणी विचारू नये म्हणून अर्ज घाईघाईने घडी घालून दिला होता, हेही खोटे नाही.

माझे वडील आमच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडण्याचे काम करतात. पहाटे चारला उठायचे, विहिरीवरची मोटार चालू करायची, टाकीत टीसीएल पावडर टाकायची आणि लोखंडी चावी खांद्यावर घेऊन आळीआळीतले व्हॉल्व्ह फिरवीत हिंडायचे. पगार तुटपुंजा, आणि तोही वेळेवर होईल याचा भरवसा नाही.

यंदा अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी सीमांत उत्पादकता सिद्धान्त शिकवला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जे. बी. क्लार्क यांनी १८९९ साली आपल्या ग्रंथात असे मांडले की, पूर्ण स्पर्धा असेल तर ज्याने उत्पादनात जेवढी भर घातली तेवढाच मोबदला त्याच्या पदरात पडतो. परीक्षेत मी हे उत्तर लिहिले, गुणही बरे पडले. पण मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली. म्हणजे वडिलांचे योगदान त्यांच्या पगाराएवढेच?

आमच्या गावाजवळून महामार्ग गेला आणि एका गृहस्थांचे खडकाळ माळरान रातोरात सोन्याच्या मोलाचे झाले. गृहस्थ सज्जन आहेत, त्यांच्याविषयी मनात आकस नाही. पण रस्ता बांधला दुसऱ्यांनी. त्यांचे रान फक्त तिथे होते.

गेल्या उन्हाळ्यात वडील विषमज्वराने अंथरुणाला खिळले आणि चावी माझ्या खांद्यावर आली. चावी फिरवायची, त्यात काय मोठे, असे मला वाटले होते. मी खालच्या आळीचा व्हॉल्व्ह आधी सोडला. सगळे पाणी उताराला धावले आणि वरच्या आळीत थेंब पोचला नाही. सात वाजता दारात हंडे घेऊन बायका उभ्या! पडल्यापडल्या वडिलांनी सांगितले, “आधी वरची आळी. खालचा व्हॉल्व्ह शेवटी, तोही निम्माच.” हे ज्ञान कोणत्या वेतनश्रेणीत बसवायचे?

अॅडम स्मिथलाही १७७६ साली हेच कोडे पडले होते. पाण्यावाचून जगता येत नाही, तरी ते स्वस्त. हिऱ्यावाचून कोणाचे अडत नाही, तरी तो महाग. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी उलगडा केला तो असा की, किंमत एकूण उपयोगावर ठरत नाही. आणखी एका नगाची गरज किती आणि तो किती दुर्मीळ, यावर ठरते. म्हणजे पैसा टंचाई मोजतो, सेवा नव्हे.

मग श्रीमंतांचे योगदान नसतेच का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जमशेटजी टाटा १९०४ साली गेले. त्यांनी ठेवलेल्या संपत्तीच्या आधारे १९०९ साली बंगळूरची विज्ञानसंस्था स्थापन झाली. दुसरीकडे गाडगेबाबांनी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःजवळ ठेवले ते खराटा नि गाडगे. दोघेही समाजाचे उपकारकर्ते. पण त्यांच्या मिळकतीचे आकडे शेजारी मांडले तर त्यातून काय कळणार? काहीच नाही.

२०२० च्या टाळेबंदीत अख्खा गाव दाराआड असताना वडील तोंडाला रुमाल बांधून रोज पहाटे बाहेर पडत होते. तेव्हा मला त्यांची काळजी वाटली, अभिमान मात्र सुचला नाही. याची खंत आजही आहे.

यंदाच्या अर्जात मी स्वच्छ अक्षरात लिहिले : ‘गावाला पाणी सोडणे’. घरी मोठ्या कौतुकाने सांगितले, तर वडील हसले आणि म्हणाले, “लिहिलंस ते बरं केलंस. पण दोन महिन्यांचा पगार राहिलाय, त्याचं काय ते तुझ्या सरांना विचार.”