शेपूट कुणाचं?

आपल्या भाषेत शेपटाला काही फारसा मान नाही. भित्रा माणूस शेपूट घालतो, न सुधारणाऱ्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, आणि न संपणारं काम मारुतीच्या शेपटासारखं लांबत जातं. शेपूट म्हणजे मागे उरलेलं, नसलं तरी चालेल असं काहीतरी. त्यामुळे काही जातींच्या कुत्र्यांची शेपटं पिल्लं तीन-चार दिवसांची असतानाच कापून टाकतात, हे ऐकून आपल्यातल्या पुष्कळजणी "हो का?" म्हणतील आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागतील. मला मात्र गेल्या हिवाळ्यात या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं, तेही दोन दिवसांच्या आत.

माझा भाचा देवासला असतो. त्याच्या गोदामाच्या राखणीला एक डोबरमन मादी आहे. तिला सहा पिल्लं झाली. पिल्लं विकून देणारा जो माणूस होता त्याने सांगितलं, पाचव्या दिवसाच्या आत शेपटं कापून घ्या, लांब शेपटाचा डोबरमन कुणी घेत नाही. भाच्याच्या बायकोचा फोन आला. "मावशी, तुम्ही रोज स्वाध्यायाला बसता, तुम्हीच सांगा. हे म्हणतात, कामाच्या कुत्र्याला शेपटाची अडचणच होते. मला तर त्या पिल्लांकडे बघवत नाही. अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत त्यांचे."

"पाप आहे, करू नका" एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. आपल्याकडे तेवढ्यावर भागतंही. पण भाचा काही निर्दयी मुलगा नाही. तो जे म्हणत होता त्यात तथ्य किती, हे पाहिल्याशिवाय त्याला नुसतं धर्माचं नाव सांगून गप्प करणं मला पटेना.

म्हणून आधी आमच्या सुदामा नगरातल्या सुभेदार भाऊजींना गाठलं. ते महूहून निवृत्त होऊन आमच्याच गल्लीत राहायला आले, आणि नोकरीतली काही वर्षं त्यांनी कुत्र्यांबरोबर काढली आहेत. त्यांच्या ओट्यावर चहा घेता घेता विषय काढला. ते म्हणाले, "वहिनी, शेपटाचा त्रास होतो हे खोटं नाही. आमच्याकडे एक लॅब्रेडोर होता. इतका आनंदी की माणूस दिसला की शेपूट आपटायचा. केनेलची भिंत सिमेंटची. टोक फुटायचं, भिंतभर रक्त उडायचं. पट्टी बांधली की पुन्हा आपटायचा. शेवटी डॉक्टरांनी टोक कापलं तेव्हा सुटला बिचारा." मी विचारलं, "मग सगळ्याच लॅब्रेडोरची लहानपणीच का नाही कापत?" ते हसले. "लॅब्रेडोरचं कोण कापतं? जर्मन शेफर्डचंही नाही. पोलिसांत, लष्करात याच जाती जास्त, आणि सगळे शेपटासकट काम करतात."

इथेच माझ्या मनात पहिली गाठ सुटली. कामाला शेपूट अडतं म्हणावं, तर जे सगळ्यात जास्त काम करतात त्यांचं शेपूट शाबूत आहे. डोबरमन ही जात जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या लुई डोबरमन नावाच्या करवसुली करणाऱ्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात तयार केली. वसुलीला जाताना सोबत राखणदार हवा, हा हेतू. भांडणात कुणी शेपूट धरू नये म्हणून ते कापायचं, असं सांगतात. आता त्याच जर्मनीत 1998 पासून शेपूट कापायला कायद्याने मनाई आहे. सवलत आहे ती फक्त शिकारीच्या कामाच्या कुत्र्यांना. नॉर्वेने तर 1987 मध्येच बंदी घातली.

ही चाल मात्र फार जुनी. रोमन काळात कोलुमेला नावाच्या शेतीवरच्या लेखकाने लिहून ठेवलंय की पिल्लू चाळीस दिवसांचं झालं की शेपटाचं टोक तोडावं, म्हणजे ते पिसाळत नाही. पिसाळण्याचं खरं कारण आज शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. कारण खोटं ठरलं, पण कापणं चालूच राहिलं. त्याला दुसरी कारणं मिळत गेली. चालीरीतींचं असंच असतं, आपल्या घरांतही बघा.

पण दुसरी बाजूही नीट ऐकायला हवी. मी बी.ए. झालेली बाई, आकड्यांशी माझं फारसं सख्य नाही, तरी हे आकडे वहीत उतरवून घेतले. ब्रिटनमध्ये 2010 साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. दवाखान्यांत आलेल्या 1,38,212 कुत्र्यांपैकी 281 जणांना शेपटाची इजा झालेली होती. त्यावरून हिशेब असा निघाला की एक इजा टाळायची तर साधारण 500 कुत्र्यांची शेपटं आधीच कापावी लागतील. हे वाचून मला वाटलं, झालं, निकाल लागला. पण 2014 साली स्कॉटलंडमधल्या पाहणीचे निष्कर्ष आले. ती फक्त शिकारीला नेल्या जाणाऱ्या कुत्र्यांची होती. काटेरी झुडपांत दिवसभर शिरणाऱ्या, शेपूट न कापलेल्या स्पॅनियल कुत्र्यांपैकी निम्म्याहून जास्त, 56.6 टक्के, एका हंगामात जखमी झाले होते. म्हणून ज्या स्कॉटलंडने 2007 मध्ये संपूर्ण बंदी घातली होती, त्यानेच 2017 मध्ये अशा दोन प्रकारच्या शिकारी कुत्र्यांपुरती सूट दिली. पाच दिवसांच्या आत, पशुवैद्याच्या हातून, आणि फार तर एक तृतीयांश शेपूट.

म्हणजे दोन्ही आकडे खरे. घरातल्या, अंगणातल्या, गोदामातल्या कुत्र्याला पहिला आकडा लागू, आणि काट्यांत राबणाऱ्याला दुसरा. पण त्या दुसऱ्या कुत्र्याला काट्यांत कोण पाठवतं? माणूस, आणि तेही पक्षी मारायच्या हौसेसाठी. जी इजा टाळायची ती आपणच ओढवून आणलेली. आपल्या घरात तरी हा मुद्दा समजावून सांगायची गरज पडू नये.

माझं माहेर फलटणचं. सुगी झाली की धनगरांचे कळप यायचे, शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, खताला. त्यांच्याबरोबर कुत्री असायची. दिवसा राखेत मुटकुळं करून पडलेली, रात्री लांडग्याच्या वासाने उठून उभी राहणारी. त्यांच्याइतकं कामाचं कुत्रं मी पुढे पाहिलं नाही. थंडीत ती झोपायची तेव्हा शेपूट नाकावर ओढून घ्यायची, आजी पांघरूण घ्यायची तशी. आपल्याकडे जो कारवानी, कर्नाटकात मुधोळ म्हणतात, त्याच्यावर टपाल खात्याने 2005 मध्ये तिकीटही काढलं. तो सशासारखा वळत पळतो, आणि त्या वळणात लांब शेपूटच त्याचा तोल सांभाळतं. त्याचं शेपूट कापावं असं कुणा शहाण्याच्या मनातही आलं नाही.

शिवाय शेपूट ही कुत्र्याची बोली. 2007 मध्ये इटलीच्या संशोधकांनी पाहिलं की मालक दिसला की कुत्र्याचं शेपूट उजवीकडे जास्त झुकतं, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. कॅनडात खोटा, यंत्राचा कुत्रा करून त्याला कधी लांब, कधी आखूड शेपूट लावलं. लांब शेपूट हलताना दिसलं की इतर कुत्रे बिनधास्त जवळ यायचे, ताठ दिसलं की कचरायचे. आखूड शेपटावरून मात्र त्यांना काही उमगेना. जीभ कापलेल्या माणसाला आपण "काम तर करतो ना" म्हणू का?

आमच्या महिला मंडळात मी हे बोलले तेव्हा एकीने बरोबर टोकलं. "ताई, आपण बाळाचे कान टोचतोच की. आणि महापालिकेवाले मोकाट कुत्र्यांच्या कानाला खाच पाडतात, नसबंदी करतात. ते चालतं?" प्रश्न रास्त होता. कान टोचल्याने कान जात नाही, हे एक. आणि नसबंदी केलेल्या कुत्र्याच्या कानाची खाच भूल दिलेली असतानाच पाडतात, ती त्याच्याच भल्याची. ती पाहून त्याला पुन्हा धरून नेत नाहीत, पुन्हा पोटावर सुरी चालत नाही. नसबंदीबद्दल आमच्यात आजही मतभेद आहेत, आणि असू देत. पण प्रत्येक कापण्याला एक प्रश्न विचारता येतो. हे कुणासाठी? सुभेदार भाऊजींच्या लॅब्रेडोरचं टोक कापलं ते त्याच्यासाठी, त्याची जखम भरेना म्हणून. डोबरमनच्या पिल्लाचं कापतात ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी.

पिल्लांना दुखत नाही, मज्जा कोवळ्या असतात, असंही सांगतात. ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये 50 पिल्लांचं शेपूट कापताना निरीक्षण केलं होतं. सगळी किंचाळली. शेपूट म्हणजे काही नखं-केस नव्हेत, पाठीच्या कण्याचाच तो पुढचा भाग. हाड, स्नायू, नसा, सगळं त्यात आलं. बहुतेक ठिकाणी भूलही देत नाहीत.

आपला कायदा 1960 चा. प्राण्याचा अवयव तोडून त्याला विद्रूप करणं त्यात क्रूरता धरली आहे. त्याच कलमात गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, वेसण यांना मात्र सूट आहे, कारण त्यावर शेती चालते. शेपटाला तशी सूट दिलेली नाही. 2011 मध्ये भारतीय पशुवैद्यक परिषदेने शेपटं आणि कान कापण्याविरुद्ध पत्र काढलं, तेव्हा केनेल क्लब ऑफ इंडिया त्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात गेला. जातीचं ठरलेलं रूप टिकलं पाहिजे, हा पाळणाऱ्यांचा आग्रह.

आणि आपलं शास्त्र? तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. जिवाला जखडून ठेवणं, मारणं, त्याचा अवयव छेदणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, आणि त्याचं अन्नपाणी तोडणं. आपण हे पाठ म्हणतो, पण बघा, हे पाचही दोष जनावर पाळणाऱ्या गृहस्थाला डोळ्यांसमोर ठेवून सांगितल्यासारखे आहेत. मुनीला कुठे बैल असतो? पाळू नका असं त्यात म्हटलेलं नाही. पाळलंत तर कुठवर जायचं, तिथे रेघ ओढली आहे. त्या रेघेवर छेद हा शब्द तिसरा उभा आहे. पाणी गाळून पिणाऱ्या, चौमासात हिरवी भाजी सोडणाऱ्या घरात आपण तो शब्द कसा ओलांडणार?

भाच्याच्या बायकोला मी हे सगळं फोनवर सांगितलं, धर्माचं शेवटी आणि आकड्यांचं आधी. भाचाही स्पीकरवर ऐकत होता. तो म्हणाला, "मावशी, पण पैसे कमी येतील." मी म्हटलं, "येतील. ते तुझं तू ठरव. तुझ्या गोदामात लँटाना नाही, काटे नाहीत. कामाचं कारण मात्र सांगू नकोस, किमतीचं सांग. म्हणजे निदान आपण कशावर बोलतोय ते कळेल."

रात्रभर त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. सकाळी त्याने त्या माणसाला नको म्हणून कळवलं. नुकसान झालंच. दोन पिल्लं ठरल्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत गेली. दोघांनी तर गेटवरूनच "ये डोबरमन लगता ही नहीं" म्हणून पाठ फिरवली. एक पिल्लू अखेर कुणी घेतलंच नाही, ते आईबरोबर गोदामातच राहिलं. भाचा अजून अधूनमधून मला तो हिशेब ऐकवतो, आणि मी ऐकून घेते. तो खर्च त्याने सोसला आहे, मी नाही.

तुमच्या घरी मुलं, नातवंडं कुत्र्याचा हट्ट धरतील. डोबरमन, बॉक्सर, रॉटवायलर, काय हवं असेल ते. विकणाऱ्याने आखूड शेपटाचं पिल्लू पुढे केलं तर एवढंच विचारा, "शेपटाचं नाही का?" तो म्हणेल, तसं कुणी मागत नाही. चार-पाच घरांतल्या बायकांनी मागितलं, तर त्याला पुन्हा तसं म्हणता येणार नाही.