ताम्हिणीचा पाऊस

मैत्रिणींनो, आमच्या कसबा पेठेत वाड्याच्या पागोळ्या हाच मुलांचा धबधबा! म्हणून गेल्या श्रावणात पौडमार्गे ताम्हिणी घाट गाठला. वाटेत मुळशीचं धरण लागलं. सेनापती बापटांबरोबर मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, तो याच धरणाविरुद्ध.

घाटात कड्याकड्यावरून पाणी कोसळत होतं. मुलं ओढ्यात डुंबत होती, तोच पाणी गढूळलं, काटक्या वाहत आल्या. “अजून पाचच मिनिटं,” इति आमचे हे! मी दंड धरून दोघांना काठावर ओढलं. माथ्यावर सर कोसळली, की खाली ऊन असलं तरी लोंढा येतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून गेलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, आठवतं ना?

पुरी-भाजी मग रस्त्याकडेलाच खाल्ली, छत्रीखाली, कुडकुडत.