मोहरीचं तेल नि भाच्याची गाडी

पौषात चाकसूला ताईकडे गेले, तर भाच्याच्या रिमोटच्या गाडीतल्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं तेल गळून गेलेलं. भोवती मोहरीची पिवळी शेतं, घरात तेलाला काय तोटा? मी घाण्याचं तेल भरलं. गाडी छान धक्के पचवू लागली. मी मिरवलं!

उन्हाळ्यात पुन्हा गेले, तर दांडे घट्ट चिकटलेले. खाद्यतेल हवेनं चिकट होतं. तेलाच्या बाटलीचं तोंड रोज पुसणारी मी नेमकं हेच विसरले. शिलाई मशीनचं तेल काढलं, तर भाच्यानं गाडी पाठीमागे लपवली. ‘‘मावशी, त्यानं आतल्या रबरी कड्या फुगतात.’’

शेवटी सुमारे ४० किलोमीटरवरच्या जयपूरहून सिलिकॉन तेल आणलं. थंडीउन्हात त्याचा दाटपणा फारसा बदलत नाही. बाटली मात्र भाच्यानंच उघडली, मला हातही लावू दिला नाही.